देवगिरी पडला तो उपासमारीने

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की वाटेत तो निमुळता डोंगर दिसतो आणि गाडीतलं कुणीतरी हमखास सांगतं, “हा तुघलकाचा किल्ला.” तुघलकाने देवगिरीचं नाव बदललं, एवढंच. देवगिरीला राजधानी केलं ते यादव राजा भिल्लम पाचवा याने, 12व्या शतकाच्या उत्तरार्धात. मुहम्मद तुघलकाने तिथे दरबार हलवला तो 1327 च्या सुमारास. शाळेच्या पुस्तकांमुळे डोळ्यांपुढे येते ती अख्खी दिल्ली ओस पाडून निघालेली मिरवणूक. प्रत्यक्षात हलले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, उलेमा आणि सुफी. त्यातल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर जवळच खुलताबादला आहे. दिमाखदार चांदमिनारही तुघलकाच्या खात्यावर टाकला जातो, पण तो 15व्या शतकातला, बहमनी काळातला.

सगळ्यात लाडका गैरसमज ‘अजिंक्य’ या शब्दाचा.

तसा तो वाटावा असंच बांधकाम आहे. डोंगराचा कडा छिन्नीने तासून असा उभा केलाय की घोरपडीलाही पकड मिळू नये. भोवती खडकात कोरलेला खंदक, त्यावर अरुंद पूल, आणि पुढे ‘अंधारी’ : वळणावळणाने वर चढणारा काळाकुट्ट भुयारी जिना. इथे उकळतं तेल ओतत, ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते. पण वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून भुयार धुराने कोंडायची सोय होती. ती तेलापेक्षा स्वस्त आणि जास्त जीवघेणी.

तरीही किल्ला पडला. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा तो सुलतानही नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. रामचंद्रदेव यादव गडावर गेला आणि धान्याची म्हणून घाईघाईने वर नेलेली पोती मिठाची निघाली, असं फरिश्ता लिहितो. किस्सा रंगवलेला असेल, पण रसद संपल्यावर राजाला तह करावा लागला. 1633 मध्येही मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून खालचे तट फोडले, मात्र निजामशाहीच्या फतेहखानाने गड सोडला तो आत खायला उरलं नाही म्हणून.

आज वर जाणाऱ्याला खंदक, अंधारी, मेंढ्याच्या तोंडाची ‘मेंढा तोफ’ आणि शहाजहानच्या काळातली बारादरी, सगळं एकाच चढणीत भेटतं. वेरूळच्या वाटेवर ‘जरा अर्धा तास’ म्हणून उतरणाऱ्यांनी मात्र बारादरीचा नाद सोडावा. ती बघायची तर सकाळी लवकर, पाणी आणि विजेरी घेऊनच यावं.