समाजमाध्यमांचा दबाव आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वर्षे हा किशोरावस्थेचा काळ होय. या काळात स्वप्रतिमा घडत असते व तीत समवयस्कांच्या मताला मोठे स्थान असते. समाजमाध्यमांनी या मताला 'लाईक'च्या आकड्याचे रूप दिले. या दबावाचे ग्रामीण स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दबावाचे स्वरूप :
मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि मोबाईल हीच वर्गखोली ठरली. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामवर भारतात रील्स सुरू झाले. अभ्यासाचे व तुलनेचे साधन असे एकाच यंत्रात आले. म्हणून 'मोबाईल बाजूला ठेव' हा उपदेश आज अपुरा पडतो.

लहान गावात छायाचित्र पाहणारे केवळ अनोळखी नसतात. त्यांत वर्गमित्र, भावकी व शेजारीही असतात. रात्री मोबाईलवर झालेली टवाळी सकाळी एस.टी.त आणि वर्गात पुन्हा भेटते. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून घोडेगाव, मंचर वा जुन्नर येथे शिकण्यास येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात राहणीमानाच्या तुलनेतून न्यूनगंड निर्माण होऊ शकतो. विद्यार्थिनींची अडचण अधिक बिकट असते. त्रास घरी सांगितल्यास मोबाईल जाईल, प्रसंगी शिक्षणही थांबेल, या भीतीने त्या मौन पत्करतात.

परिणाम :
अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०२३ च्या सूचनापत्रानुसार, दररोज ३ तासांहून अधिक काळ समाजमाध्यमे वापरणाऱ्या किशोरांत नैराश्य व चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो. तथापि, हा सहसंबंध आहे. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. आधीच एकाकी असलेला विद्यार्थीही मोबाईलकडे अधिक वळतो. म्हणून केवळ तास मोजण्यापेक्षा झोपमोड, अनुपस्थिती व अबोलपणा यांकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त ठरते.

उपाययोजना :
सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. महाविद्यालयीन सूचना रात्री उशिरा न पाठविणे, गुणांच्या याद्या व्हॉट्सॲप गटावर न टाकणे हे उपाय तर विनाखर्च आहेत.

निष्कर्ष :
मोबाईल विद्यार्थ्याच्या हाती देण्यात शिक्षणव्यवस्थेचाही वाटा आहे. त्यामुळे दोषारोप न करता ऐकून घेणारा प्राध्यापक हाच या भागातील विद्यार्थ्याचा पहिला आधार ठरू शकतो.