मानवंदना, तीही धडधडत!

श्रद्धांजली म्हटलं की आपल्याला दोन मिनिटांची शांतता आठवते. अमेरिकेतल्या बाइकस्वारांनी बरोबर उलटं केलं: कानठळ्या बसतील इतका आवाज करत ते हुतात्म्यांची आठवण काढतात. त्या गोंगाटामागे किती कडक शिस्त आहे, ते पाहा.

सुरुवात बेपत्तांपासून
१९८८ मध्ये व्हिएतनाम युद्ध लढलेले माजी सैनिक मोटारसायकली घेऊन वॉशिंग्टनमध्ये थडकले. युद्धकैद्यांचं आणि बेपत्ता सैनिकांचं काय झालं, हे सरकारनं सांगावं, ही त्यांची मागणी. पहिल्या वर्षी गाड्या होत्या सुमारे २,५००. पुढे आकडा लाखांत गेला.

नाव बॉम्बफेकीचं
या फेरीचं नाव ‘रोलिंग थंडर’. अमेरिकेनं १९६५ ते १९६८ या काळात उत्तर व्हिएतनामवर केलेल्या बॉम्बफेकीच्या मोहिमेचंही हेच नाव होतं.

जाब ज्यांना, पार्किंग त्यांचंच
मे महिन्यातला शेवटचा सोमवार म्हणजे हुतात्मा सैनिकांच्या स्मरणाचा ‘मेमोरियल डे’. त्याच्या आदल्या दिवशी सगळे जमायचे ते थेट संरक्षण खात्याच्या, पेंटॅगॉनच्या आवारात! तिथून पोटोमॅक नदी ओलांडून शहरात. खर्च आणि पेंटॅगॉनशी उडणारे खटके यांना कंटाळून मूळ संघटनेनं २०१९ मध्ये वॉशिंग्टनची फेरी थांबवली. मग ‘ॲमव्हेट्स’ या माजी सैनिकांच्या संघटनेनं ‘रोलिंग टु रिमेंबर’ नावानं ती पुढे चालवली.

भिंतीचा दगड आपल्या देशातला
या साऱ्यांची पंढरी म्हणजे १९८२ मध्ये उभी राहिलेली व्हिएतनाम स्मारकाची भिंत. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. आरशासारखा चमकणारा तिचा काळा ग्रॅनाइट गेला बंगळूरकडून! आराखडा मात्र माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा. १,४२१ प्रवेशिकांतून तो निवडला गेला.

अख्खी हार्ले वाहिली
लोक या भिंतीपाशी पत्रं, बूट, पदकं ठेवून जातात. विस्कॉन्सिनच्या माजी सैनिकांनी १९९५ मध्ये नवीकोरी हार्ले-डेव्हिडसनच ठेवली. त्यांच्या राज्यातले ३७ सैनिक बेपत्ता होते. त्या सगळ्यांचा छडा लागेपर्यंत ती कुणी चालवायची नाही, अशी अटही घातली.

सॅल्यूट, तोही तासन्‌तास
२००२ पासून टिम चेंबर्स हे मरीन दलातले जवान ‘रोलिंग थंडर’च्या वाटेवर गणवेशात, रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले. फेरी संपेपर्यंत हात कपाळावरून खाली नाही. फेरी संपायला कित्येक तास लागतात, हे लक्षात घ्या!

दहा दिवसांची वारी
१९८९ पासून ‘रन फॉर द वॉल’चे स्वार कॅलिफोर्नियाहून निघतात आणि देश आडवा कापत वॉशिंग्टनला पोचतात. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही गाडी चालवतो, हे त्यांचं ब्रीद. जोडीजोडीनं चालणाऱ्या ताफ्यात एका स्वाराची जागा मुद्दाम मोकळी सोडतात. ती परत न आलेल्या सोबत्याची.

बोलावल्याशिवाय जायचं नाही
एका चर्चची मंडळी सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर द्वेषाच्या घोषणा देऊ लागली, तेव्हा २००५ मध्ये कॅन्ससच्या बाइकस्वारांनी ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ ही संघटना उभी केली. झेंडे घेऊन ते कुटुंब आणि निदर्शक यांच्यामध्ये उभे राहतात, गरज पडली तर इंजिनांच्या आवाजात घोषणा बुडवून टाकतात. कुटुंबानं बोलावलं तरच जायचं, हा पक्का नियम.

आणि आपल्याकडे?
२०२४ मध्ये कारगिल विजयाला २५ वर्षं झाली, तेव्हा भारतीय लष्करानं तीन टोकांवरून मोटारसायकली सोडल्या: आसामातलं दिंजान, गुजरातेतली द्वारका आणि तमिळनाडूतलं धनुषकोडी. दिल्लीत एकत्र येऊन मुक्काम गाठायचा होता द्रास, म्हणजे तोलोलिंग शिखराच्या पायथ्याचं, कारगिल युद्धस्मारकाचं गाव. वाटेत वीरनारींना आणि माजी सैनिकांना भेटणं हाही मोहिमेचाच भाग होता. नुसतं द्रासच गाठायचं असतं, तर एवढा वळसा कशाला घेतला असता!