बोअर खोल मारली आणि पाणी मचूळ झालं!

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

मी कार्ल्याचा. आमच्याकडे पाण्याचं गणित सोपं: विहीर आटली की अजून खाली जा. लेण्यांपाशी कातळात खोदलेली जुनी पाण्याची टाकी, खाली इंद्रायणी. पाणी कमी पडेल, पण खारं होईल असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून अलिबागजवळ नागावला आत्याच्या वाडीतली विहीर मे महिन्यात तळाला गेली, तेव्हा बाबांनी फोनवर छातीठोक सल्ला दिला, "ताई, बोअर मार, दोनशे फूट!"

आत्याने मारली. पाणी भरपूर लागलं. पण दोन उन्हाळ्यांत ते मचूळ झालं. साबणाला फेस येईना, पोफळींच्या झावळ्यांची टोकं करपली.

असं का झालं? समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे किनाऱ्यावर जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर चक्क तरंगत असतं. मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत ना? तिथलं गोड पाणीही पावसाचंच.

आता खरी गंमत. डच इंजिनीअर बॅडन-घायबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग या दोघांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वेगवेगळा एकच हिशेब मांडला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी. पण उपसून ती पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालचं खारं पाणी हळूहळू 20 मीटर वर सरकणार! कोकणातला काळा कातळ वाळूसारखा एकसारखा नाही, पाणी भेगांतून धावतं, त्यामुळे हा आकडा तंतोतंत लागू होत नाही. दिशा मात्र तीच. आत्याच्या बोअरने गोड्या पाण्याचा थर ओलांडून थेट खाऱ्याच्या दारात पाइप नेला होता.

आणि बिघडायला फार लागत नाही हो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या मानकाची इष्ट मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. म्हणजे शंभर बादल्या गोड्या पाण्यात दोन बादल्या समुद्र मिसळला, तरी मर्यादा ओलांडली.

मग "कोकणात एवढा पाऊस, तरी?" हो, तरी. उतार तीव्र, कातळ कठीण. बरंचसं पाणी खाडीत पळतं. भरतीचं पाणी खाड्यांतून आत येतं. खारबंदिस्तीचा बांध फुटला की शेतात शिरतं आणि तिथूनही मुरतं. समुद्राची पातळी वाढतेय तो भाग वेगळाच. पण मला विचाराल तर अशा वाड्यांमध्ये पहिला संशयित पंपच. पूर्वी रहाट होता. बैल दमला की उपसा थांबायचा. मोटर दमत नाही.

आत्याने आता बोअर बंद ठेवलीय. जुन्याच उथळ विहिरीवर लहान मोटर, सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीत सोडलंय. बोअरचं पाणी या पावसाळ्यानंतरही मचूळच आहे. आत शिरलेलं मीठ धुऊन निघायला वर्षं लागतात. बाबा मात्र सल्ले द्यायचे थांबलेत.

पुढच्या भागात अकोल्याकडचा खारपाणपट्टा. तिथे तर समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे!