दुचाकी वाहनाची हमी आणि तिची पूर्ती : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

दुचाकी वाहन विकत घेताना ग्राहक वस्तुतः दोन गोष्टी विकत घेत असतो. पहिली म्हणजे प्रत्यक्ष वाहन. ते विक्रेत्याच्या दालनात पाहता येते, चालवून पाहता येते. दुसरी म्हणजे हमी. ती भविष्यकाळाविषयीचे वचन असते, आणि वाहन बिघडल्यावाचून त्या वचनाचे मोल कळत नाही. बिघडलेला भाग हमीत बसत नाही असे सांगितले जाणे, सुट्या भागासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागणे, दुरुस्तीनंतरही तोच दोष पुन्हा उद्भवणे, या नेहमीच्या तक्रारी दुसऱ्या गोष्टीविषयीच्या होत. त्यांचे मूळ विक्रेत्याच्या सचोटीत शोधण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ते मुख्यतः हमीच्या रचनेतच आहे, आणि सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर त्या रचनेचे दोष अधिक तीव्रतेने प्रत्ययास येतात.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १२ मध्ये ‘शर्त’ आणि ‘हमी’ असा भेद केलेला आहे. शर्त ही कराराच्या मुख्य हेतूशी निगडित असते. तिचा भंग झाल्यास करार संपुष्टात आला असे मानून माल नाकारता येतो. हमी आनुषंगिक असते. तिच्या भंगाबद्दल नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतील वॉरंटी तर याहूनही मर्यादित असते. सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणे एवढेच तिचे आश्वासन असते. मारुती उद्योग कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच तत्त्व मान्य केले, आणि संपूर्ण मोटार बदलून देण्याचा खालील आदेश रद्द ठरविला. “गाडी बदलून द्या” ही त्रस्त ग्राहकाची पहिली मागणी बहुधा का टिकत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

आता हमीच्या पूर्तीकडे वळू. वचन देतो उत्पादक. ते पाळावयाचे असते विक्रेत्याने. सर्वसाधारण पद्धती अशी की, विक्रेता हमीतील दुरुस्ती विनामूल्य करतो आणि तिचा मोबदला उत्पादकाकडून ठरावीक दराने मागून घेतो. उत्पादकाने मागणी नामंजूर केली, तर तो खर्च विक्रेत्याच्या अंगावर पडतो. तेच काम ग्राहकाच्या पैशाने केले, तर मात्र मजुरी तत्काळ मिळते आणि सुट्या भागांवर नफाही सुटतो. म्हणजे एकाच बिघाडाला ‘उत्पादनातील दोष’ म्हणावे की ‘वापरामुळे झालेली झीज’ म्हणावे, याचा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याचे हित दुसऱ्या उत्तरात गुंतलेले असते. येथे विक्रेता दुष्ट असण्याची आवश्यकता नाही. संशयाच्या प्रसंगी तो स्वतःला सुरक्षित ठेवतो, इतकेच.

हा निर्णय ग्राहकाला तपासता का येत नाही? डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, काही सेवांचे गुणावगुण त्या घेण्यापूर्वी तर नाहीच, पण घेतल्यानंतरही सामान्य ग्राहकाला कळत नाहीत. वाहनदुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण होय. भाग खरोखर निकामी झाला होता काय, तो खरोखर बदलला काय, हे वाहनधारकाला विश्वासानेच मानून चालावे लागते. अशा ठिकाणी ग्राहकाचे संरक्षण दोन मार्गांनी होऊ शकते. हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात त्यांचे विवेचन केले आहे : एक, दुसऱ्याकडे निघून जाणे, दोन, आवाज उठविणे.

निघून जाण्याचा मार्ग पूर्वी एका अर्थाने अधिक मोकळा होता. परवाना-पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, म्हणून वाहनाच्या निवडीला वाव नव्हता हे खरे. पण ते हाती आल्यावर गावातला कोणताही मेस्त्री ते उघडून नीट करू शके. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे उत्सर्जनमान लागू झाले आणि दुचाकींतील कार्बुरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. आता दोष वाचण्यासाठी उत्पादकाचे निदानयंत्र लागते, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी जाण्याचे भय असते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तीदारांपासून रोखून धरल्याबद्दलच. तो आदेश मोटारींपुरता होता. परंतु त्यातील विचार दुचाकींनाही तितकाच लागू पडतो.

मालवणच्या संदर्भात या प्रश्नाला भूगोलाची जोड मिळते. मुंबई-गोवा महामार्ग कणकवली, कुडाळवरून जातो. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे समुद्रकाठचे तालुके त्यापासून बाजूला पडतात. मालवण ते कुडाळ हे अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. आपल्या कंपनीचे अधिकृत केंद्र गावात नसेल, तर प्रत्येक फेरीस दिवसाची मजुरी बुडते. ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग करून घेणे ही हमीची पूर्वअट असते. पावसाळ्यात ती मुदत चुकणे अवघड नाही. त्यातच खारा वारा साखळीला, जोडतारांच्या टोकांना आणि धुराड्याला गंज चढवितो, आणि गंज हा हमीच्या अपवादांमध्ये सामान्यतः समाविष्ट असतो. म्हणजे या किनाऱ्यावर जो बिघाड सर्वाधिक संभवतो, नेमका तोच हमीबाहेर राहतो. मागच्या बाजूस मासळीची पेटी बांधून गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याची स्थिती याहून बिकट. बर्फाचे खारे पाणी वाहनावर ठिबकत असते, आणि वाहन बंद पडले की त्या दिवसाची मासळी वाया जाते.

अशा ग्राहकाला “हा व्यापारी वापर आहे” असे उत्तर मिळू शकते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या दृष्टीने ते पुरेसे नाही. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही हे खरे. तथापि केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा मनुष्य त्या अपवादात येत नाही, असे कलम २(७) च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या या अधिनियमाने आवाज उठविण्याचा मार्गही सुकर केला. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेत्याचे किंवा उत्पादकाचे कार्यालय कोठे आहे, हा प्रश्न आता अडसर ठरत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

तरीही दोन अडचणी उरतात. पहिली पुराव्याची. उत्पादनातील दोष तज्ज्ञ तपासणीवाचून ठरविता येत नसेल, तर कलम ३८ अन्वये वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी दोषाचा इतिहास कागदावर असावा लागतो. म्हणून प्रत्येक भेटीचे जॉबकार्ड, त्यावर ग्राहकाच्या शब्दांत लिहिलेली तक्रार आणि वाहन ठेवल्याची व परत मिळाल्याची तारीख यांना मोल आहे. तोंडी आश्वासनाला ते नाही. दुसरी अडचण जबाबदारीची. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे म्हणून २००९ साली तयार झालेले वाहन दिले गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी टाटा मोटर्सला दायित्वातून मुक्त केले. उत्पादक व विक्रेता यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते आणि उत्पादकाला त्या व्यवहाराची माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते, हे त्याचे कारण. यावरून बोध असा की, तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे, आणि कोणाचा दोष कोणता हे निरनिराळे मांडावे.

मध्यस्थ काढून टाकल्याने हा प्रश्न सुटेल, असेही नाही. विक्रेत्यांची साखळी टाळून थेट विक्री करणाऱ्या ओला इलेक्ट्रिक कंपनीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कारणे दाखवा नोटीस बजावली. त्यामागे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आलेल्या दहा हजारांहून अधिक तक्रारी होत्या. बहुतेक तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने कळविले. वचन देणारा आणि ते पाळणारा एकच असला, तरी दोषाचा निर्णय त्याच्याच हाती राहिला तर मूळ विसंगती कायम राहते.

तात्पर्य, हा निर्णय हितसंबंधी पक्षाच्या हातून काढून घेणे हाच खरा उपाय होय. निदानसाधने आणि सुटे भाग गावातील मेस्त्रीला उपलब्ध झाले, तर ग्राहकाला निदान दुसरे मत तरी मिळेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलची दिशा हीच आहे. किनाऱ्यावरील हवामान ध्यानात घेऊन गंजाविषयीचा अपवाद वेगळ्या रीतीने लिहिता येईल काय, हा प्रश्न मात्र अद्याप कोणी पुरेशा गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. ज्याची रोजची कमाई त्या दोन चाकांवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हमीतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.