फिशटँकमधला लाल रोटाला का विरघळतो?

हौसेनं लालभडक 'रोटाला मॅक्रँड्रा' आणला आणि आठवड्यात पानं विरघळली? अशा वेळी बहुतेक जण लाइट वाढवतात. (मीही वाढवला होता. शेवाळ झकास आलं!) मूळ दक्षिण भारतातल्या या रोपाला प्रखर उजेड लागतोच, पण खरी उपासमार कार्बन डायऑक्साइडची असते. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे १० हजार पट संथ पसरतो. म्हणून तो सिलिंडरमधून द्यावा लागतो: लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम, लाइट लागायच्या तासभर आधीपासून. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर मात्र गॅस लगेच बंद करून एअर पंप लावा. बोअरचं क्षारयुक्त पाणीही याला मानवत नाही. शेंडा अजून टवटवीत असेल, तर तेवढाच कापून पुन्हा रोवा.