विश्लेषण : जवानाचा आजार सेवेमुळेच, हे कोणी सिद्ध करायचे?

भरतीच्या वेळी प्रत्येक जवानाची कसून वैद्यकीय तपासणी होते. आजार आढळला तर भरती होत नाही. तोच जवान काही वर्षांनी रक्तदाब, फिट्स किंवा मानसिक आजार घेऊन घरी परततो, तेव्हा त्याच्या कागदांवर अनेकदा शेरा असतो : 'आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही'. या एका शेऱ्याने अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले जाते. त्याविरुद्ध दाद कशी मागता येते आणि निर्णय कोणत्या निकषांवर होतो, याचा हा आढावा.

अपंगत्व निवृत्तिवेतन कोणाला मिळते?

त्यासाठी मुख्यतः दोन अटी आहेत. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि ते किमान २० टक्के असावे. सेवा सोडताना मेडिकल बोर्ड या दोन्ही बाबींवर मत देते. १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या ग्राह्य वेतनाच्या ३० टक्के रक्कम अपंगत्वाचा भाग म्हणून मिळते. अपंगत्व कमी असेल, तर रक्कम त्या प्रमाणात घटते.

मात्र आजारामुळे ज्याला मुदतीआधीच सेवेतून काढले जाते, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी कसे मानायचे, असा प्रश्न होता. असे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात सांगितले.

दावा फेटाळला तर आधी कुठे जायचे?

थेट न्यायालयात नव्हे. लष्करातील जवानाचे पहिले अपील सेना मुख्यालयातील प्रथम अपील समितीकडे जाते. ते फेटाळले गेल्यास दुसरे अपील निवृत्तिवेतनविषयक द्वितीय अपील समितीकडे करता येते. दोन्ही टप्प्यांवर अपिलासाठी साधारण सहा महिन्यांची मुदत असते. इथे निर्णय मुख्यत्वे कागदपत्रांवर होतो. वकिलांचा युक्तिवाद, उलटतपासणी असे काही नसते. अपील करूनही सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा होतो.

न्यायाधिकरणाचे स्वरूप कसे आहे?

२००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. मुख्य पीठ नवी दिल्लीत आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधील प्रकरणे मुंबई पीठाकडे येतात. खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य असतो. प्रशासकीय सदस्य सहसा निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असतो. कायद्याची बाजू एकाला आणि बराकीतले, सीमेवरचे जगणे दुसऱ्याला ठाऊक असावे, हा त्यामागचा हेतू.

अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. सबळ कारण असेल, तर विलंब माफ होऊ शकतो. मात्र उशिराची किंमत मोजावी लागते. निवृत्तिवेतनाचा हक्क दर महिन्याला नव्याने निर्माण होत असल्याने दावा बाद होत नाही, पण थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. हे सूत्र तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालातून आले.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

कळीचा मुद्दा हाच. १९८५ मध्ये भरती झालेल्या धरमवीर सिंग यांना सुमारे नऊ वर्षांनी फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवण्यात आले. आजार सेवेशी निगडित नाही, असे बोर्डाने म्हटले. का नाही, ते सांगितले नाही. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानायचे. नंतरचा आजार सेवेमुळे झालेला नाही, हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. शंका असल्यास तिचा फायदा जवानाला. भरतीच्या तपासणीत आजार ओळखता येणे शक्य नव्हते, असे बोर्डाचे म्हणणे असेल, तर त्याने त्याची कारणे द्यायला हवीत.

मग प्रत्येक दावा मान्य होतो का?

नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनियाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. काही मानसिक आजार भरतीच्या वेळी ओळखू येत नाहीत, त्यामुळे केवळ तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही आणि तज्ज्ञांच्या मताला महत्त्व द्यावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे लढाई बोर्डाने दिलेल्या कारणांवर येते. कारणांविना दिलेले मत न्यायाधिकरणात टिकणे कठीण. तपशीलवार मत खोडून काढणे तितकेच कठीण.

टक्केवारीचा फरक किती पडतो?

'ब्रॉड बँडिंग'च्या नियमानुसार ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ मधले ७५ टक्के आणि त्यापुढचे १०० टक्के धरले जाते. म्हणजे २० टक्के अपंगत्व असलेल्याला वेतनाच्या ६ टक्क्यांऐवजी १५ टक्के मिळतात. हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावा, असा निकाल डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात लागला.

न्यायाधिकरणानंतर पुढे काय?

सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असेल, तर सर्वोच्च न्यायालयात जाता येते. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही कायम आहे, हे मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात स्पष्ट झाले. पण ही दारे सरकारलाही खुली आहेत. जवान जिंकला तरी प्रकरण लांबते ते इथेच. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रिकर यांनी २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशा कज्जेदलालीला आवर घालण्याची शिफारस केली होती.

नव्या नियमांवर वाद का?

२१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेबाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. अधिकाऱ्यांमध्ये जीवनशैलीच्या आजारांवरून अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, या आक्षेपाची पार्श्वभूमी त्यांना आहे. गैरवापर रोखायलाच हवा, हे माजी सैनिकही नाकारत नाहीत. उंच, थंड, तणावाच्या ठिकाणी वर्षे काढलेल्या शिपायाचा रक्तदाबही त्याच चाळणीतून गळेल, ही त्यांची भीती आहे.

जवानाने काय जपावे?

मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत, रुग्णालयातील दाखल्याच्या नोंदी, कठीण भागातील नेमणुकांचा तपशील आणि दावा फेटाळल्याचे पत्र. पत्र हाती पडताच मुदत मोजायला सुरुवात करावी. अपील कसे करायचे, याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळू शकते.