एक्सप्लेनर : हौशी व्हिडिओसाठी फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचाय? बॉडीआधी लेन्सचे बजेट ठरवा

हिंगोली : रामलीला मैदानावरचा दसरा, औंढा नागनाथ मंदिराची बाहेरची कोरीव शिल्पे, नर्सी नामदेवची परतवारी, वसमतच्या हळदीचा हंगाम. हौशी व्हिडिओ करणाऱ्यांना जिल्ह्यात विषयांची कमी नाही. मोबाइलवर हात बसला की पुढचा विचार येतो तो फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याचा. खर्च सहज लाखाच्या पुढे जातो आणि बहुतेक वेळा तो हप्त्यांवर होतो. अशा वेळी सगळे पैसे बॉडीवर घालून सोबत मिळेल ती किट लेन्स घेतली जाते. या जोडीतून रात्रीचे चित्र तुलनेने स्वस्त कॅमेऱ्यापेक्षाही खराब येऊ शकते. ते कसे, हे खरेदीआधी समजून घ्यायला हवे.

फुल फ्रेम म्हणजे काय?

जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे सुमारे ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर असलेला कॅमेरा म्हणजे फुल फ्रेम. त्याखालचा प्रचलित आकार एपीएस-सी, सुमारे २३.५ बाय १५.६ मिमी. कॅननचा त्याहून किंचित लहान असतो. क्षेत्रफळ पाहिले तर फुल फ्रेम सव्वादोन पटींहून मोठा. सोनीने २०१३ मध्ये ए७ मालिका आणली, तर निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. आज या चार-पाच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत हौशी माणसाला पुरेल एवढी गुणवत्ता आहे. त्यामुळे कोणता कॅमेरा चांगला, यापेक्षा पैसे कसे वाटायचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

किट लेन्सचे गणित

लेन्सवरचा एफ आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आत येतो. एफ ४ पेक्षा एफ २.८ वर दुप्पट, आणि एफ २.८ पेक्षा एफ १.८ वर जवळपास अडीचपट.

आता दोन जोड्या पाहा. पहिली : फुल फ्रेम बॉडी आणि झूम केल्यावर एफ ६.३ वर जाणारी किट लेन्स. दुसरी : एपीएस-सी बॉडी आणि एफ २.८ लेन्स. एफ २.८ च्या तुलनेत एफ ६.३ वर सेन्सरच्या तेवढ्याच भागावर एक-पंचमांश प्रकाश पडतो. मोठ्या सेन्सरचा सव्वादोन पटींचा फायदा धरला, तरी पहिल्या जोडीला मिळणारा एकूण प्रकाश दुसरीच्या निम्म्याहूनही कमी राहतो. रावणदहनाच्या आधीच्या काळोखात चित्रात दाणे दिसतात ते यामुळेच.

मग फुल फ्रेम कोणी घ्यावा?

- रात्रीचे कार्यक्रम, कीर्तन, नाटक, घरातले समारंभ असे कमी उजेडाचे काम जास्त असेल तर.
- चेहरा स्पष्ट आणि मागचा भाग धूसर, अशी चौकट वारंवार हवी असेल तर.
- बॉडीनंतरही चांगल्या लेन्ससाठी पैसे उरत असतील तर.

शेत, रस्ता, प्रवास, दिवसाचे चित्रीकरण हेच मुख्य काम असेल, तर एपीएस-सी पुरेसा आहे. तो हलका असतो, लेन्सही स्वस्त पडतात. शिवाय फुल फ्रेमवर फोकसची पट्टी पातळ असते, माणूस थोडा हलला तरी फोकस चुकू शकतो.

बॉडी बदलते, माउंट राहतो

बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटू लागते. लेन्स दहा वर्षेही चालते. म्हणून पहिला कॅमेरा घेताना खरी निवड होते ती माउंटची, म्हणजे लेन्स ज्या खाचेत बसते तिची.

- सोनी ई : सिग्मा, टॅमरॉन अशा इतर कंपन्यांच्या लेन्स सर्वाधिक. सेकंड-हँड पर्यायही भरपूर.
- कॅनन आरएफ : फुल फ्रेमसाठी इतर कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स फारच कमी. मात्र जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून उत्तम चालतात. घरात किंवा ओळखीच्या स्टुडिओत अशा लेन्स असतील, तर हा मोठा फायदा.
- निकॉन झेड : पर्याय वाढत आहेत. जुन्या एएफ-एस लेन्स अडॅप्टरवर चालतात, पण ज्यांत स्वतःची मोटर नाही अशा एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही.
- एल माउंट : लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन स्वीकारलेला माउंट. सिग्माच्या लेन्समुळे खर्च आटोक्यात राहतो.

बॉडीत काय तपासायचे?

पहिली गोष्ट क्रॉप. काही कॅमेरे ४के ६० फ्रेमवर सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. सोनी ए७ मार्क ४, निकॉन झेड५ मार्क २ आणि पॅनासॉनिक एस५ मार्क २ यांत तसे होते. मग २४ मिमीची लेन्स सुमारे ३६ मिमीसारखी दिसते आणि मांडवात मागे सरकायला जागा उरत नाही. कॅनन आर८ आणि आर६ मार्क २ पूर्ण रुंदी वापरतात.

दुसरी गोष्ट बॉडीतले स्थिरीकरण. आर८ मध्ये ते नाही. त्यामुळे हातात धरून चित्रीकरण करणाऱ्यांनी स्थिरीकरण असलेली लेन्स किंवा गिंबल गृहीत धरावे. तिसरी गोष्ट उष्णता. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सलग तासभर रेकॉर्डिंग करायचे असेल, तर कॅमेरा किती वेळ टिकतो हे भर उन्हाळ्यात वापरलेल्या माणसाला विचारावे. एस५ मार्क २ मध्ये त्यासाठी अंगचाच पंखा आहे.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नये. ४के व्हिडिओला एका फ्रेमसाठी साधारण ८ मेगापिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलचा सेन्सर पुरून उरतो.

पहिल्या दोन लेन्स कोणत्या?

एक झूम आणि एक प्राइम, एवढ्यावर पहिली दोन वर्षे आरामात निघतात. झूम २८-७५ किंवा २४-७० मिमी, एफ २.८. नवी परवडत नसेल तर चांगली सेकंड-हँड घ्यावी. सोबत ५० मिमी एफ १.८, जवळपास प्रत्येक माउंटवरच्या स्वस्त लेन्सपैकी एक आणि रात्रीच्या कामाला सर्वांत उपयोगी. दिवसाचेच काम असणाऱ्यांना २४-१०५ मिमी एफ ४ एकटी पुरते.

लाइट लुकलुकतात आणि ऊन जास्त पडते, तेव्हा?

आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे मेन्यूत पाल निवडून २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास ट्यूबलाइट आणि बऱ्याच एलईडी दिव्यांचे पट्टे दिसत नाहीत. ३० फ्रेम आणि १/६० वर ते हमखास दिसू शकतात.

भर दुपारी १/५० शटर, एफ २.८ आणि आयएसओ १०० ठेवले, तर चित्र पूर्ण पांढरे होते. प्रकाश सुमारे ६ स्टॉप, म्हणजे १/६४ इतका खाली आणावा लागतो. लॉग प्रोफाइलमध्ये किमान आयएसओ ८०० असेल, तर हाच आकडा ९ स्टॉपवर जातो. म्हणून एनडी फिल्टर ही चैन नाही, गरज आहे. घेताना तो किती स्टॉपचा आहे हे पाहावे. २ ते ५ स्टॉपचा फिल्टर इथल्या उन्हाला अपुरा पडतो.

हळद पॉलिश होताना किंवा मोंढ्यात धूळ उडत असताना लेन्स बदलू नये. मिररलेसमध्ये सेन्सर जवळजवळ उघडाच असतो. अशा ठिकाणी एक झूम लावून काम उरकावे.

न दिसणारा खर्च

- कार्ड : २०० एमबीपीएसच्या ४के रेकॉर्डिंगला तासाला सुमारे ९० जीबी लागतात. कार्डावरचा व्ही ३० म्हणजे सलग ३० एमबी प्रतिसेकंद लिहिण्याची हमी. या कामाला व्ही ३० चालते, जड फॉरमॅटला व्ही ६० किंवा व्ही ९० लागते.
- लॅपटॉप : १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स आणि ॲपलच्या एम मालिकेतील चिप ती सहज चालवतात. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय ५० मालिकेपासून आली.
- आवाज : कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर कीर्तनकाराचा आवाज दुरून नीट येत नाही. कॉलर माइक आणि वाऱ्यासाठी केसाळ कव्हर घ्यावे.
- बॅटरी आणि ट्रायपॉड : किमान दोन जादा बॅटऱ्या, आणि पॅन करताना न अडखळणारे हेड.

साधा हिशेब असा : एकूण पैशांतला निम्मा बॉडीला, ३० टक्के लेन्सना, २० टक्के बाकीच्या सामानाला. हा हिशेब जमत नसेल तर बॉडी एक पायरी खालची घ्यावी, लेन्स नाही.

बिल, वॉरंटी, सेकंड-हँड

जीएसटीचे पक्के बिल आणि कंपनीची भारतातील वॉरंटी दोन्ही पाहून घ्यावी. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण दुरुस्तीच्या वेळी अडचण येते. हिंगोलीहून जवळचे अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे, हे खरेदीआधीच कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावे. सेकंड-हँड बॉडी घेताना एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, माइक आणि एचडीएमआय पोर्ट तपासावेत आणि सलग २० मिनिटे रेकॉर्डिंग करून बघावे.

शक्य असेल तर ठरवलेली बॉडी आणि लेन्स आधी दोन दिवस भाड्याने घ्यावी आणि ज्या जागी काम करायचे त्याच जागी वापरून पाहावी.

थोडक्यात

गॅरेथ एडवर्ड्स यांचा 'द क्रिएटर' हा २०२३ चा हॉलिवूडपट सोनी एफएक्स३ या हातात मावणाऱ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चित्रित झाला. आसामच्या रीमा दास यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स'चे छायाचित्रण आणि संकलन स्वतः केले, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छोटा कॅमेरा अडसर ठरत नाही, हे दोन्हीकडे दिसते. काय टिपायचे ते आधी ठरवा, त्यावरून लेन्स, लेन्सवरून माउंट आणि शेवटी बॉडी. या क्रमाने गेल्यास हप्ते संपेपर्यंत कॅमेरा कपाटात पडून राहणार नाही.